देव म्हणा, कवळी बसली का बघू

आमच्या भागात अशी बोलवा होती की कवळीकाकांचे दात एकदा तोंडात बसले की त्या तोंडातून पुन्हा देवाचं नाव निघत नाही. सांगणारे आवाज खाली आणून सांगत. "नास्तिक आहे हो तो. दातांच्या आत काहीतरी भरतो म्हणे." काय भरतो? "ते आपल्याला कसं कळणार? पण प्रवचनकारांचं काय झालं, ऐकलंत ना?"

सगळ्यांनीच ऐकलं होतं. प्रवचनकारांनी काकांकडून वरचे दात बनवून घेतले आणि पहिल्याच प्रवचनात हात वर करून, डोळे मिटून, पोटातून आवाज काढत म्हणाले, "देफ सर्वत्र आहे!" पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "देफ माझ्यात आहे! देफ तुमच्यात आहे!" मागच्या बाकावरची पोरं हसू दाबत बाकाखाली गेली. त्यांत मीही होते. तो ‘देफ’ मला अजून हुबेहूब काढता येतो. फक्त शेवटी गाल जरा फुगवावे लागतात.

खरं झालं होतं ते असं. माप द्यायला आले तेव्हा प्रवचनकारच म्हणाले होते, "दात फार दिसता कामा नयेत. मी गंभीर माणूस आहे. लोकांना वाटेल, हसतोय." काकांनी समजावलं, "आखूड ठेवले तर ‘व’ जाईल. ‘व’ म्हणताना खालचा ओठ वर येतो आणि दातांची कड शोधतो. कड सापडली नाही की नुसती हवा फुस्स. व चा फ." "माझा नाही होणार," प्रवचनकार म्हणाले, "माझी साधना आहे." साधनेने ओठाला काही मदत केली नाही. मग ते तोंडावर रुमाल धरून परत आले, काकांनी चकार शब्द न काढता दात लांबवून दिले, आणि प्रवचनकारांनी बाहेर जाऊन चकार शब्द काढला नाही. बोलवा तशीच राहिली.

आणि मजा म्हणजे सगळा प्रकार नेमका उलटा होता. आमच्या भागात देवाचं नाव सगळ्यात जास्त वेळा कुठे घेतलं जात असेल तर ते काकांच्या खुर्चीत. नवी कवळी तोंडात बसवली की ते दोन पावलं मागे सरायचे, मान कलती करायचे आणि म्हणायचे, "देव म्हणा." ‘द’ला जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते, ‘व’ला ओठ पुढून दातांना लागतो. एका शब्दात कवळीची आतली बाजू तपासून होते आणि बाहेरचीही. "डेव," म्हातारा म्हणायचा. "मागून जाड झालीये," काका म्हणायचे, कवळी काढून घासायचे. "देव म्हणा." "देव." "परत." "देव!" "हां. आता बसला."

"काय बसला?" एकदा एका आजोबांनी विचारलं होतं.

"दात बसला. दुसऱ्या कुणाला बसवायचं काम मी करत नाही."

काका मुळात दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या मापांवर कवळ्या बनवायचे, पण भागातले लोक सरळ त्यांच्याकडेच यायचे. घराच्या पुढच्या खोलीला ते कारखाना म्हणत. कारखान्यात एक टेबल, एक निळसर ज्योत, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, घासायचं यंत्र, आणि कुठल्याशा डॉक्टरांनी टाकून दिलेली, एका हाताचं रेक्झिन फाटलेली खुर्ची. भिंतभर फळ्यांवर लोकांचे प्लास्टरचे जबडे, सगळे आ वासून. सगळ्या वस्तूंवर प्लास्टरची पांढरी धूळ, काकांच्या भुवयांवरसुद्धा. कवळी बोलायला त्रास देत असली की डॉक्टर त्या माणसालाच काकांकडे धाडायचे, कारण काकांचा कान. जिन्यात कुणी शिंकलं तरी ते सांगायचे की याचा खालचा एक दात गेलाय.

हा कान रोज सकाळी मधल्या भिंतीला लागलेला असायचा. भिंतीपलीकडे काकू प्रार्थना म्हणायच्या, मोठ्याने. काकूंचा आवाज म्हणजे पितळी भांड्यावर चमचा मारावा तसा. आमच्या वरच्या मजल्यापर्यंत शब्द न् शब्द यायचा. प्रार्थना त्यांची स्वतःचीच होती. "आज उठवलंस, आभार. हातपाय हलतायत, आभार. वरच्या पोरीला गणितात पास कर, तिला नकलांशिवाय काही येत नाही. समोरच्यांच्या सुनेला सासूचं ऐकू येणं कमी कर." आणि शेवटी, आवाज मुद्दाम भिंतीकडे वळवून, "आणि ह्यांच्याकडे लक्ष असू दे. ह्यांचं तुझ्याकडे नसलं तरी."

पलीकडून लगेच यायचं, "ऐकू येतंय!"

"तुम्हाला नाही सांगत!"

"मग ज्याला सांगतेस तो बहिरा आहे का? सगळी इमारत उठली."

"उठली ना? मग त्याने ऐकलंच."

असं लग्न झाल्यापासून चाललं होतं. काकूंचं मत होतं की नवरा रुसलेला आहे. "लहान मुलाला खाऊ दिला नाही की ते म्हणतं ना, तू माझी आईच नाहीस, तसं आहे ह्यांचं. मोठे होतील कधीतरी." काका म्हणत, "अगं, रुसायला समोर कुणीतरी लागतं. मला कुणी मारलं नाही, कुणी लुबाडलं नाही. मला कधी तसं वाटलंच नाही, एवढंच. काहींना रंग दिसत नाहीत, तसं समज." आणि तिच्याबद्दल म्हणत, "ती फोन लावते तो नंबर कुणाचाच नाही. पण बोलते छान."

दोघांचे पाहुणे मात्र एवढे मायाळू नव्हते. काकूंकडे प्रवचनकार यायचे आणि नास्तिक माणूस कसा गर्वाने आंधळा असतो हे भिंतीला ऐकू जाईल असं सांगायचे. काकांकडे त्यांचा जुना मित्र यायचा, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला. त्याला आम्ही पुरावेवाले म्हणायचो, कारण काकूंनी चहा गरम आहे म्हटलं तरी ते "बघू" म्हणून बोट बुडवायचे. त्यांच्या मते आस्तिक माणूस म्हणजे अंधाराला घाबरलेलं पोर. काकू चहा दोघांनाही सारखाच द्यायच्या, आणि दोघं गेल्यावर काका-काकू मिळून दोघांची टिंगल करायचे.

मग काकूंच्या वरच्या हिरडीला एक फोड आला.

तो बरेच दिवस होता. काकांना दिसला तेव्हा चांगलाच वाढला होता. ते एवढंच म्हणाले, "मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो."

"माझ्या तोंडाकडे कुठे बघितलंत?" काकू म्हणाल्या. "नुसते तोंडाला लागलात." आणि हसल्या. काका हसले नाहीत.

शस्त्रक्रिया झाली. फोडाबरोबर वरच्या जबड्याचा एक भाग आणि टाळूचा मोठा तुकडा काढावा लागला. तोंडाचं छत गेलं की तोंड आणि नाक एकच खोली होते. प्यायलेलं पाणी नाकातून येतं आणि बोललेलं सगळं नाकात जातं. हॉस्पिटलने भोक झाकायला एक पट्टी दिली होती, ती नीट बसत नव्हती. काकू घरी आल्यावर काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, मान कलती केली आणि म्हणाले, "देव म्हण."

"नेम," काकू म्हणाल्या.

"कुणावर धरतेस?" काका म्हणाले.

काकूंना हसू आलं, हसताना नाकातून पाणी आलं, आणि दोघं तसेच बराच वेळ हसत राहिले. पुढे पुष्कळ दिवस त्या घरातून हसण्याचा आवाज आला नाही.

सकाळची प्रार्थना बंद झाली. काकांनी कारण विचारलं तेव्हा काकूंनी ते कागदावर लिहून दाखवलं नाही. नाकातल्या नाकात, दोन-तीनदा म्हणून, त्यांना कळेपर्यंत सांगितलं. "असल्या तोंडाने त्याच्यापुढे जायचं नाही मला. तोंड नीट करून द्या, मग म्हणेन."

प्रवचनकार भेटायला आले आणि आपले लांबवलेले दात दाखवत म्हणाले, "माउली, त्याला सगळं कळतं. मुक्याचंही कळतं."

"त्याला कळेल हो," काकू म्हणाल्या. प्रवचनकारांना ते लागेना, म्हणून काकांना पलीकडून अर्थ लावून सांगावा लागला. "ती म्हणते, त्याला कळेल, मी काय म्हणतेय ते मलाच कळत नाही."

तेव्हापासून काकांनी डॉक्टरांची कामं मागे टाकली आणि एकच काम धरलं. बायकोचं तोंड नीट करायचं, म्हणजे ती पलीकडून पुन्हा मोठ्याने बोलेल. देवाशी बोलेना का. टाळूच्या पट्टीवर, भोकात जाऊन बसेल अशी एक पोकळ गाठ त्यांना करायची होती; भरीव केली तर वजनाने खाली पडते. माप घ्यायचं म्हणजे ओलं मिश्रण त्या जखमेला लावायचं. काकू खुर्चीचा फाटका हात घट्ट धरायच्या. काका मिश्रण सुकेपर्यंत काहीबाही बोलत राहायचे, जिन्यातल्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. मेणाची पट्टी, मग प्लास्टिकची, मग घासणं, मग "देव म्हण." "नेम." पुन्हा मेण. "देव म्हण." "नेव." हे ऐकून काकांनी दिव्याखाली उभ्या उभ्या टाळीच वाजवली. अर्धा शब्द परत आला होता!

पण जखम भरते तशी आक्रसते. पट्टी तयार होईपर्यंत भोकाचा आकार बदललेला असे. काकांनी केलेली प्रत्येक गाठ आधीच्या तोंडासाठी अगदी बरोबर असायची. फळीवर काकूंच्या जबड्यांची एक रांगच झाली, एकासारखा दुसरा नाही. आणि शेवटी भोक आक्रसायचं थांबलं तेव्हा काका हरखले. डॉक्टरांनी आत बॅटरी मारून बघितलं आणि बाहेर येऊन सांगितलं की तिथे पुन्हा वाढतंय. आता कापून उपयोग नाही.

काका घरी आले, ज्योत पेटवली आणि मेण वितळवायला ठेवलं.

ती शेवटची पट्टी बसली. मी तेव्हा कारखान्यात होते, आजीची कवळी दुरुस्तीला घेऊन गेले होते. काका दोन पावलं मागे सरले. "देव म्हण."

"देव," काकू म्हणाल्या.

पितळी भांड्यावर चमचा! तोच आवाज, तोच दगडासारखा ‘द’, कडेला लागलेला ‘व’. मी आजीची कवळी हातात धरून नाचले. "परत," काका म्हणाले. "देव." "दिवा म्हण." "दिवा." "देव." "देव." काकू स्वतःच पुढे म्हणाल्या, "दार. देव. दगड. वावर. छान झालंय हो. दुखत नाहीये फार." आणि उठून आत गेल्या, चहा ठेवायला.

काका यंत्रावरची धूळ पुसत राहिले. मी म्हटलं, "काका, आता बघा. उद्या सकाळी सगळी इमारत उठणार!"

"नाही उठणार."

"असं कसं? एवढा स्पष्ट आला शब्द."

"शब्द आला," काका म्हणाले. "ऐकलंस ना, देव आणि दिवा कसे म्हणाली? सारखेच. माझ्या खुर्चीत आजवर कुणी ते दोन सारखे म्हटले नाहीत. मी म्हणालो तरी माझा थोडा फरक पडतो."

मला तो फरक ऐकू आला नव्हता. मी म्हटलं, "पैज. काकू प्रार्थना म्हणणार. उद्या नाही तर परवा. एकदा तरी म्हणणारच."

"लाव," काका म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की मला वाटलं, यांना ही पैज हवीच होती. "एकदा जरी म्हणाली तरी मी हरलो. हरलो तर तिची अख्खी प्रार्थना मी जिन्यात उभा राहून म्हणेन, मोठ्याने. पाठ आहे मला. आणि तू हरलीस तर जिन्यात उभी राहून एवढंच म्हणायचं: काका बरोबर होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका यंत्र बंद ठेवून बसले. पलीकडे काकूंची चाहूल लागली. खुर्ची सरकली. काकांनी कान भिंतीला लावला. "अहो," काकूंचा स्वच्छ आवाज आला, "साखर संपलीये."

त्या दिवशी ते साखर घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "तोंड नीट झालं की म्हणेन, म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग? रागावलीस त्याच्यावर?"

"रागवायला समोर कुणीतरी लागतं ना," काकू म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. साखर डब्यात ओतत होत्या. "तोंड बंद होतं तेव्हा मनातल्या मनात म्हणत होते हो रोज. एक दिवस लक्षात आलं, मीच म्हणतेय आणि मीच ऐकतेय. दुसरं कुणी हूंसुद्धा करत नाही. आधी वाटायचं, कुणीतरी आहे पलीकडे. विचार केला, असं का वाटायचं? तर पलीकडे तुम्ही होतात. ‘ऐकू येतंय’ म्हणायचात."

 काकांनी आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघितली असं लोक समजत होते, ते वाक्य बायकोच्या तोंडून आलं होतं, एकेक अक्षर त्यांनीच घासून दिलेलं.

मग सुरू झाला तो वाद मी कधी विसरणार नाही. त्या घरात आयुष्यभर जो वाद चालला, तोच उलटा. नास्तिक नवरा देवाच्या बाजूने भांडत होता, आणि त्याला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं.

"अगं, एवढं सगळं जग आपोआप कसं होईल?"

"तुम्हीच म्हणता ना, मग त्याला कुणी केला?"

"लाखो लोक मानतात. सगळेच चुकतील का?"

"लाखो लोकांच्या तोंडात किडलेले दात आहेत म्हणून किडणं बरोबर ठरत नाही. हेही तुमचंच." एकूण एक वाक्यं तिने जपून ठेवली होती. तिच्या तोंडून ती काकांना पहिल्यांदाच ऐकू आली, आणि इतकी कोरडी वाटली की त्यांना आपली म्हणवेनात.

"असेलही गं," शेवटी ते म्हणाले. "मला काय माहीत? असेलही तो."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही खोटं बोलायला लागलात," त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं काही खरं नाही."

पुरावेवाल्यांना हे कळलं तेव्हा ते धावतच आले. काकूंचा हात हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, अभिनंदन! शेवटी सुटलात." काकूंनी नम्रपणे "आभारी आहे" म्हटलं. काकांनी मित्राला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं.

"अरे, तुला आनंद व्हायला पाहिजे!" पुरावेवाले म्हणाले. "सत्याने जिंकलं."

"तिला रात्री झोप लागत नाही," काका म्हणाले. "तुझं सत्य बसेल तिच्या उशाशी? बसत असेल तर थांब. नाहीतर जा."

प्रवचनकारही आले. ही परीक्षा आहे, म्हणाले. सगळ्यांत लाडक्यांचीच घेतो तो. काका दारातून म्हणाले, "अहो, तुमचं ऐकते ती. पटवा ना तिला. नीट पटवा!" प्रवचनकारांनी जन्मात नास्तिकाच्या तोंडून अशी विनवणी ऐकली नव्हती. ते गडबडले, घसा खाकरला, पुन्हा परीक्षेचंच बोलले. काकू ऐकत होत्या, पाहुण्याचं ऐकावं तशा. ते गेल्यावर म्हणाल्या, "दात चांगले बसलेत हो त्यांचे."

शेवटी शेवटी काकू अंथरुणालाच लागल्या. काका पट्टी काढायचे, धुवायचे, परत बसवायचे. आत वाढत होतं, पट्टी टोचायला लागली होती. ते रोज थोडी घासून द्यायचे. एके दिवशी म्हणाले, "ती वरची पोरगी पैज हरेल गं. एकदा म्हण ना. तिच्यासाठी."

"मग तुम्ही जिंकाल. जिंका की एकदा."

"बरं, मी म्हणू? तुझ्या वतीने?"

"तुम्ही म्हणालात तर ती नक्कल होईल," काकू म्हणाल्या. "नकलांना वरची आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "भीती वाटते हो मला. आधी वाटत नव्हती." काकांना यावर उत्तर माहीत नव्हतं. कुणाकडेच नसतं, असं ते तिला कित्येकदा ठासून सांगत आले होते. ते तिचा हात धरून बसले. हात धरणं म्हणजे उत्तर नव्हे, हे दोघांनाही माहीत होतं.

मग पट्टी बसेनाशी झाली. काढून ठेवली. पुन्हा सगळं नाकात गेलं, मग तेही थांबलं. काकू गेल्या तेव्हा भर दुपार होती आणि काका उशाशी होते. शेवटी काही म्हणाली का, असं ज्याने त्याने विचारलं. प्रवचनकारांनी तर दोनदा. काका प्रत्येकाला म्हणाले, "नाही."

प्रवचनकारांनी शेवटची प्रार्थना म्हटली. काकांनी म्हणू दिली. सगळ्यांचे डोळे त्यांच्या हातांवर होते. आतातरी जुळतील म्हणून. हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले. बाहेर आल्यावर कुणीतरी कुजबुजलं, "बघा, केवढा गर्व."

गर्दी ओसरल्यावर मी खाली गेले. काका कारखान्यात टेबलाशी बसले होते, यंत्र बंद, ज्योत बंद.

"काका, मी हरले."

"हं," काका म्हणाले. "मग म्हण."

मला वाटलं होतं, राहू दे म्हणतील. मी जिन्यात गेले. वर-खाली सगळी दारं बंद होती. मी म्हटलं, "काका बरोबर होते."

 आतून काका म्हणाले, "‘ब’ खाल्लास. परत म्हण."

मी परत म्हटलं. या वेळी एकूण एक अक्षर लागलं.